आधी आत्मसन्मान वाढवावा की आधी ध्येयाच्या कामाला लागावे?

आपण लिहिले आहे की, फोर्टमधील नोकरी सांभाळून दिलेल्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आल्यापासून पुस्तक उघडण्याचीही इच्छा होत नाही. तेव्हा स्वतःविषयी पुन्हा चांगले वाटू लागेपर्यंत थांबावे का? माझ्या मते थांबू नये. मी परळ भागातील एका रात्रशाळेत शिकवतो आणि दिवसभर राबून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे या विषयावरचे संशोधन वाचत आलो आहे.

आत्मसन्मान आधी, यश मागाहून, ही समजूत एके काळी इतकी जोरात होती की अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये त्यासाठी चक्क सरकारी समिती नेमली. (समित्या नेमण्याची हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.) पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान जास्त असल्यामुळे अभ्यासातील कामगिरी सुधारते, याला आधार मिळाला नाही, उलट चांगल्या कामगिरीमुळे आत्मसन्मान काही अंशी वाढतो, असे दिसले.

आपल्या बाबतीत मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर यांचे काम. आत्मसन्मान किती आहे यापेक्षा तो कशावर अवलंबून ठेवला आहे, हे त्यांनी तपासले. पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांमध्ये, ज्यांनी आपली किंमत शैक्षणिक यशावर ठरवली होती, त्यांचा आत्मसन्मान होकाराच्या दिवशी अधिक उसळत होता आणि नकाराच्या दिवशी अधिक खचत होता. अशा माणसाला पुस्तक उघडणे म्हणजे स्वतःलाच पुन्हा निकालासमोर उभे करणे वाटते, आणि मग तो अभ्यास टाळतो; त्याला आळशी म्हणणारे नातेवाईक हे लक्षात घेत नाहीत. म्हणून एक सुचवतो: घरातील माणूस, सहकारी, मित्र या नात्यांनी आपण जे आहात, ते या परीक्षेच्या हिशेबात धरू नका. वयोमर्यादा आणि घरची गरज पाहून पुढे ही परीक्षा सोडण्याचा निर्णय घेतलात, तरी तो स्वतःविरुद्धचा निकाल ठरत नाही.

मात्र झोप किंवा भूक बिघडणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, तर हा प्रश्न अभ्यासाच्या नियोजनाचा राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला.

तसे नसेल, तर सुरुवात लहान ठेवा. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले की ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास सर्वांत अधिक येतो तो ते काम प्रत्यक्ष पार पाडल्याच्या अनुभवातून. दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने कमी पडतो. पीटर गोल्वित्झर यांच्या संशोधनानुसार नुसत्या निश्चयापेक्षा वेळ आणि जागा ठरवून बांधलेला निश्चय अधिक पाळला जातो. ‘रोज अभ्यास करीन’ याऐवजी ‘दादरला गाडीतून उतरलो की घरी न जाता अभ्यासिकेत जाईन आणि राज्यशास्त्राचे दहा जुने प्रश्न सोडवीन’ असे लिहून ठेवा. मेगाब्लॉकमुळे किंवा साहेबांनी थांबवून घेतल्यामुळे एखादा दिवस बुडाला, तर दुसऱ्या दिवशी वीस प्रश्नांचा दंड लावू नका, दहाच सोडवा.