'माझी मैना गावावर राहिली' हे प्रेमगीत आहे की राजकीय गाणं?

दोन्ही, पण रोख राजकीयच. अण्णाभाऊ साठ्यांची ही छक्कड (लावणीच्या ढंगाचं लोकगीत) संयुक्त महाराष्ट्र चळवळीतली. पोटासाठी मुंबईत आलेला गडी गावाकडच्या बायकोसाठी झुरतोय. गिरणगावातल्या कितीतरी कामगारांचा संसार असाच दोन ठिकाणी विभागलेला, त्यामुळे ऐकणारा आधीच गलबललेला असायचा. आणि मग शेवटाकडे गाणं वळतं: मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणीसकट तुटलेला मराठी मुलूख! हा अर्थ इतका वेळ राखून ठेवणं, हीच मला अण्णाभाऊंची खरी करामत वाटते. शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती सभांमधून घुमली. १ मे १९६० ला मुंबई मिळाली, बेळगाव राहिलं ते राहिलंच. म्हणून छक्कड अजून शिळी होत नाही. (नुसत्या ठेक्यासाठी ऐकलीत तरी हरकत नाही.)