तुमचे प्रश्न : मैत्रिणीनंच दोन गल्ल्या सोडून दुकान काढलं

प्रश्न : माझं ब्लाऊज शिवण्याचं दुकान आहे. जवळची मैत्रीण वर्षभर माझ्याकडे शिकली आणि आता तिनं जवळच दुकान टाकलंय. मी अस्तराचा साधा ब्लाऊज ३५० रुपयांना शिवते, ती २५० घेते. माझ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजही पाठवते. आमची भिशी एकच. मीही दर उतरवू का?

उत्तर : दर उतरवू नका. आधी हिशेब मांडा. समजा एका ब्लाऊजला अस्तर ५०, दोरा-हुक-कॅनव्हास १२, वीज आणि मशीनची देखभाल ८, म्हणजे ७० रुपये गेले. भाडं महिन्याला ४,०००. महिन्याला ८० ब्लाऊज शिवले तर ३५०च्या दरानं भाडं जाऊन हातात १८,४०० राहतात. तेवढेच पैसे २५०च्या दरानं मिळवायचे तर १२५ ब्लाऊज शिवावे लागतील. कापणं, शिवणं, फिटिंग धरून एकाला अडीच तास लागतात. २०० तासांचं काम ३१२ तासांवर जातं. तुमचे आकडे घालून बघा, पण गणित फारसं बदलणार नाही. तिचंही हेच गणित आहे. मशीन घरचं आणि भाडं नसेल तर ती जास्त दिवस टिकेल, एवढंच. शिवाय एकदा उतरवलेला दर परत चढवताना गिऱ्हाईक कटकट करतं.

दुकान काढू नकोस, असं तुम्ही तिला सांगू शकत नाही. तसं लिहून घेतलं असतं तरी फारसा उपयोग नव्हता. करार कायद्याच्या (१८७२) कलम २७नुसार धंदा करण्यापासून अडवणारा करार सहसा रद्दबातल ठरतो. हरकत घ्यायची ती एकाच गोष्टीवर : तुमच्या मापांच्या वहीतले गिऱ्हाइकांचे फोन नंबर. शिलाईच्या धंद्यात ती वही म्हणजेच भांडवल, आणि शिकायला आलेल्या मुलींसमोर ती टेबलावर उघडी पडलेली असते. आजपासून वही कुलपात ठेवा. शिकणारीला फक्त त्या दिवसाच्या कामाची मापं चिठ्ठीवर द्या.

बोलायचं तर समोरासमोर आणि दोघीच. भिशीत नको, फोनवर नको, तिसरीकरवी तर मुळीच नको. निरोप पोचेपर्यंत त्याला फोडणी बसलेली असते. मागणी एकच ठेवा : “तुझं दुकान चालू दे, पण माझ्या वहीतल्या बायकांना मेसेज टाकू नकोस.” दराचा विषय काढलात की बोलणं भांडणावर जाईल. तिनं ऐकलं, तर लग्नसराईत तुमच्याकडचं जादा फॉल-पिको तिला द्यायला हरकत नाही. मात्र नगाचा दर आणि परत देण्याची तारीख आधी लिहून ठेवा.

तिच्याकडे बिघडलेले ब्लाऊज तुमच्याकडे येतील. तिथे तिच्या शिलाईबद्दल चकार शब्द काढू नका, पण फुकटही करू नका. उसवून परत शिवायला नव्या शिलाईइतकाच वेळ जाऊ शकतो. मुंढा (बाही जोडायची जागा) जास्त कापला गेला असेल आणि आत जादा कापड नसेल, तर काम घेऊच नका. नीट बसलं नाही की नाव तुमचं जातं.

प्रश्न : मित्रानं माझ्या टेलरिंगच्या दुकानासारखंच नाव लावलंय. काय करता येईल?

उत्तर : नाव नुसतं ‘लेडीज टेलर’ छापाचं असेल तर विसरा, ते कुणालाही लावता येतं. वेगळं, स्वतःचं नाव असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज करा. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत कपडे शिवून देण्याची सेवा वर्ग ४० मध्ये येते, तयार कपडे वर्ग २५ मध्ये. व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते. नोंदणी नसली तरी, आधीपासून नाव वापरल्यामुळे गिऱ्हाईक तुम्हाला त्या नावानं ओळखतं आणि आता त्याची फसगत होते, हे दाखवता आलं तर दाद मागता येते. त्यासाठी जुनी बिलं, तारीख दिसणारे पाटीचे फोटो, पाटी रंगवल्याची पावती आणि चुकून त्याच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकांचे मेसेज एका फायलीत लावा. वकिलाची नोटीस त्यानंतर.