'पॉट ऑड्स' म्हणजे शक्यता नव्हे

घोडबंदर रोडच्या एका वाचकांनी विचारलंय: पोकरमधल्या 'पॉट'ला, म्हणजे डावात सगळ्यांनी मध्ये टाकलेल्या पैशांना, मराठीत 'गंगाजळी' आणि 'पॉट ऑड्स'ला 'जिंकण्याची शक्यता' म्हटलं तर चालेल का?

दोन्ही चालणार नाहीत. दुसरं तर ऐकून कान किटलेत. गणपतीच्या जागरणाला सोसायटीत पत्ते पिसले जाताहेत तोवरच कुणीतरी दीडशहाणा 'माझे पॉट ऑड्स वीस टक्के' म्हणून मोकळा होतो. अहो, शक्यता तुमच्या पत्त्यांची, पॉट ऑड्स पैशांचे! मध्ये 300 रुपये होते, समोरच्याने 100 टाकले. आता 400 साठी तुम्हाला 100 घालायचेत. 4 ला 1, झाले पॉट ऑड्स. तुमच्या हातात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. हात त्यानंतर बघायचा. पाचांत एकदा, म्हणजे 20 टक्के वेळा, जिंकणार असाल तर पैसे जेमतेम सुटतात. चार बदाम जमलेत, शेवटचं पान उघडायचंय, पाचवा बदाम आला तरच डाव तुमचा. तुमची दोन आणि टेबलावरची चार पानं सोडली, तर न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9, म्हणजे 19.6 टक्के. पुढे आणखी काही मिळणार नसेल, तर हा सौदा केसभर तोट्याचा.

'गंगाजळी'ला मालक असतो आणि ती साठवलेली असते. पॉट डाव संपेपर्यंत कुणाचाच नसतो. 'पैज'ही नको, ती 'प्रतिज्ञे'ची लेक, तिच्यात आधी शब्द दिला जातो, पैसा मागाहून येतो.

जुगारातला आपला अस्सल शब्द 'पण', 'पणाला लावणे'तला. ('परंतु' अर्थाचा 'पण' वेगळा, तो 'पुनः'च्या घरातला.) पाणिनीचं एक सूत्र आहे, 'नित्यं पणः परिमाणे'. त्यावर काशिकावृत्ती या जुन्या टीकेतली उदाहरणं काय, तर 'मूलकपणः' आणि 'शाकपणः'. विकायला मोजून बांधलेली मुळ्यांची मूठ, पालेभाजीची जुडी! जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीवरून घासाघीस करणाऱ्या आजींच्या हातात व्युत्पत्तिशास्त्रच असतं म्हणा ना. दुसरं सूत्र, 'व्यवहृपणोः समर्थयोः', त्याहून बहारीचं: टीकाकार सांगतात, 'व्यवहृ' आणि 'पण्' हे दोन्ही धातू खरेदी-विक्री आणि द्यूत या अर्थांना समान आहेत. वाशीच्या बाजार समितीच्या कारभारातलं 'पणन' आणि धर्मराजाने लावलेला पण एकाच धातूचे. माझं मत असं, की 'पण' म्हणजे आधी मोजलेली जुडी, मग तिचं मोल, मग कौटिल्य ज्यात दंड मोजतो ते नाणं, आणि सरतेशेवटी फाशांपुढे ठेवलेली रक्कम. काही युरोपीय पंडित या धातूचं नातं लिथुएनियन 'पेल्नास'शी, म्हणजे नफ्याशी, लावतात. लावोत बापडे. घरच्या व्याकरणात मुळ्याची जुडी बांधून ठेवलेली असताना बाल्टिक समुद्रापर्यंत पायपीट कशाला?

हां, मूळ प्रश्न. पॉटला पॉटच म्हणा, पत्ते खेळणाऱ्या सगळ्यांना तो कळतो. पॉट ऑड्सला मात्र 'पॉटचा भाव' म्हणा. सट्ट्यात ऑड्सना 'भाव'च म्हणतात, तेव्हा '4 ला 1 भाव मिळतोय' हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.