बूट काढल्यावर चहा किती लांब?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सहा जण जानेवारीत स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय. मी, मिसेस, मुलगी 13 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा, आई 69 वर्षांची आणि माझी धाकटी बहीण. स्कीइंग कुणालाच येत नाही. पोरांना आणि मला शिकायचंय. आईचे गुडघे दुखतात. ती आणि मिसेस शुद्ध शाकाहारी. बहिणीला खरेदी नसेल तर सहल झाल्यासारखी वाटत नाही. मेहुणे म्हणतात झरमॅटच घ्या, सगळ्यात भारी. ट्रॅव्हलवाला ग्रिंडेलवाल्ड म्हणतो. शेजारी म्हणतात एवढे पैसे घालवण्यापेक्षा गुलमर्गला जा. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ग्रिंडेलवाल्ड घ्या. का ते सांगते, म्हणजे मेहुण्यांशी बोलायला सोपं जाईल.

तुम्ही सहा जण, त्यातले तिघे बर्फात उतरणार नाहीत. उरलेले तिघेही पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत थकणार. स्कीचा बूट तुम्ही अजून घातलेला नाही. तो बूट नसतोच, प्लास्टिकचा साचा असतो. घोटा त्यात गच्च आवळायचा आणि गुडघे पुढे वाकवून बदकासारखं चालायचं. म्हणून मी ठिकाण निवडताना उतार किती किलोमीटरचे, लिफ्ट किती, हे नंतर बघते. आधी बघते ते एवढंच, की बूट काढल्यावर चहा किती लांब आहे आणि घरचे न खेळणारे लोक तिथे आपले आपण पोचू शकतात का.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या थून शहरात राहायला गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आम्ही एका गावात आठवड्यासाठी घर घेतलं. जाहिरातीत ‘उतारापासून 200 मीटर’ असं होतं. ते 200 मीटर उंचीतले निघाले. माझ्या एका खांद्यावर माझी स्की, दुसऱ्यावर मुलाची, मागे पाच वर्षांचा मुलगा एक हातमोजा हरवून भोकाड पसरलेला, आणि समोर बर्फात खणलेल्या पायऱ्या. तिसऱ्या दिवशी आम्ही घरीच बसून ब्रेड-चीज खाल्लं आणि पत्ते कुटले. तेव्हापासून समोच्च रेषा असलेला नकाशा उघडल्याशिवाय मी बुकिंग करत नाही. शाळेत भूगोलाच्या बाईंनी त्या रेषा का शिकवल्या ते तिथे कळलं.

आता झरमॅट. मेहुणे चुकीचं बोलत नाहीत. 4478 मीटरचा मॅटरहॉर्न गावातून दिसतो. पेट्रोलच्या गाड्यांना गावात बंदी, त्यामुळे मोटार टेशला ठेवून शेवटचा टप्पा रेल्वेने जायचा. स्टेशनातून बाहेर पडलं की बानहोफस्ट्रास या रस्त्यावर घड्याळांची, लोकरीची, चॉकलेटची दुकानं ओळीने. खाण्याच्या बाबतीत तर डोंगरातल्या कुठल्याच स्की-गावाने त्याच्याशी पैज लावू नये. पण नवशिक्या मुलांची जागा गावात नाही, वर सुनेगाला 2288 मीटरवर आहे. लांब बोगद्यातून चालत जाऊन डोंगराच्या पोटातली रेल्वे पकडायची, वर पोचल्यावर अजून एक छोटी लिफ्ट खाली. आठ वर्षांच्या पोराला ‘शू लागली’ म्हणायला यापेक्षा वाईट जागा नाही. फिंडेलनची ती नावाजलेली लाकडी उपाहारगृहंही स्कीवरून किंवा बर्फातल्या पायवाटेने गाठायची. आईंचे गुडघे तिथे काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा. स्की पक्की आली की पुढच्या खेपेला खुशाल झरमॅट.

ग्रिंडेलवाल्ड 1034 मीटरवर, आयगर शिखराच्या पायथ्याशी. इंटरलाकेन ऑस्ट स्टेशनहून 34 मिनिटांची रेल्वेगाडी. एक सावधगिरी बाळगा. ही गाडी त्स्वाइल्यूचिनेनला दुभंगते, अर्धी लाउटरब्रुनेनला जाते आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचून बसा, नाहीतर आई एका दरीत आणि बॅगा दुसऱ्या दरीत, असा प्रकार होतो.

मुलांची शिकायची जागा, बोडमी, गावाच्या डोक्यावरच आहे. मुलांना सरकत्या पट्ट्यावरून वर नेतात, त्यामुळे लिफ्टची भीती मध्ये येत नाही. मुलांचे वर्ग गटात, एका वेळी दोनेक तासांचे असतात. मुलाला सोडून तुम्ही मोठ्यांच्या वर्गाला जा आणि मिसेसना त्या वेळात गाव हिंडू दे. मोठा डोंगर हवा त्या दिवशी ‘टर्मिनल’ या गावातल्या लिफ्ट-स्टेशनवर जायचं. डिसेंबर 2020मध्ये तिथून आयगर एक्सप्रेस हा रोपवे सुरू झाला. 26 जणांची केबिन 15 मिनिटांत आयगरग्लेचर या वरच्या स्टेशनला नेते. पण तुमच्यासाठी त्याच इमारतीतून निघणारी मॅनलिशेनची केबिन जास्त कामाची. बसून जायचं, बसून यायचं. वर 2200 मीटरच्या पुढे सोपे निळे उतारही आहेत आणि उन्हात बसायला उपाहारगृहही. आई वर बसून नातवंडं पडताना बघतील. हा माझ्या सासूबाईंचा आवडता खेळ होता.

स्की न करणाऱ्यांनाही बर्फात हात घालावासा वाटतोच. त्यांच्यासाठी घसरगाडी. बहिणीला ‘फेलोगेमल’ दाखवा, लाकडी सायकलच, पण चाकांऐवजी पट्ट्या. 1911 साली याच गावात ती निघाली, म्हणे पोस्टमनही वापरत. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वे-स्टेशनला (3454 मीटर) जायचं असेल तर आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. तिथली हवा विरळ आहे आणि तिकीट जाड आहे.

आता खाण्याकडे नीट लक्ष द्या, कारण ‘शुद्ध शाकाहारी’ या दोन शब्दांवर तिथे रोज परीक्षा होते. फोंड्यू बघून सगळे खूश होतात, चीज म्हणजे शाकाहारीच की! पण ते चीज पांढऱ्या वाइनमध्ये वितळवतात आणि वर किर्श म्हणजे चेरीची दारू घालतात. आधी सांगितलं तर काही ठिकाणी बिनदारूचं करून देतात. ग्रुयेर चीजचं दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हेही आईंना सांगलीतच सांगा, तिथे पहिला घास तोंडाजवळ नेल्यावर नको. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. बटाट्याच्या किसाचं रोश्टी उत्तम, थालीपिठाच्या जवळचं; फक्त मागताना ‘ओने श्पेक’, म्हणजे श्पेकशिवाय, म्हणा. नुसतं मांस नको म्हटलं तर डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे येतात, ते त्यांच्या लेखी मांस नसून चव असते. पोरांसाठी ‘एल्पलरमाग्रोनेन’ मागवा. मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर परतलेला कांदा आणि बाजूला शिजवलेल्या सफरचंदाची वाटी. यालाही ‘ओने श्पेक’ लागू. माझा मुलगा आज तिशीत आहे, अजून आजारी पडला की हेच मागतो.

फोंड्यूला माणशी 25 ते 35 फ्रँक पडतात आणि फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे आहे. सहा जणांनी दोन वेळा बाहेर खाल्लं तर खरेदीचा प्रश्न आपोआप मिटेल. म्हणून हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. हंगामात अशी घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, त्याप्रमाणे विमानाची तिकिटं काढा. गावात ‘कूप’ नावाचं किराणा दुकान आहे, तिथे दूध, दही, भाज्या, तांदूळ सगळं मिळतं. इथून मेतकूट, मसाला आणि सपाट बुडाचा छोटा कुकर न्या. फोडणी खिडकी उघडून द्या. धुराची घंटा वाजली की शेजारी धावत येतात आणि मग त्यांना मोहरी समजावत बसावं लागतं. आमटी-भाताची फारच आठवण झाली तर इंटरलाकेनला भारतीय हॉटेलं आहेत, अर्ध्या तासावर. आणि तो शीर्षकातला चहा? गरम पाण्याचा पेला आणि बाजूला पुडी. दूध मागितलं की कॉफीत घालायची सायीची डबी येते. थर्मास न्या.

बहिणीसाठी दोन ओळी. थूनमध्ये रविवारी कुलूप, पण अशा पर्यटनगावांत हंगामात दुकानं रविवारीही उघडी असतात. एका दुकानात एका वेळी 300 फ्रँकच्या वर खरेदी झाली तर करपरताव्याचा फॉर्म मागा, 8.1 टक्के कर असतो. काही भाग परतावा देणारी कंपनी कापते. विमानतळावर बॅग चेक-इन करण्यापूर्वी कस्टमचा शिक्का घ्या. चॉकलेट भेटवस्तूंच्या दुकानातून नको, कूपमधून. खिशातला चाकू घेतला तर तो मोठ्या बॅगेत. स्कीचे बूट, काठ्या, हेल्मेट यातलं काही विकत घेऊ देऊ नका, सगळं भाड्याने मिळतं. हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे हवेत.

तारीख तुमच्या हातात असेल तर नाताळ सोडा. गर्दी, दर आणि खालच्या उतारांवर बर्फाची खात्री नाही. जानेवारीच्या मध्याला शेजारच्या वेंगेनला लाउबरहॉर्नची शर्यत असते, सुमारे साडेचार किलोमीटरचा उतार, तेव्हाही घर मिळायला मारामार. त्यानंतरचा आठवडा धरा, 26 जानेवारीची सुट्टी पदरात पडते. शाळेत काय सांगायचं ते तुम्ही बघा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा घेताना त्यात स्कीइंगचा अपघात धरलाय का हे लेखी विचारा, साध्या पॉलिसीत पुष्कळदा तो वगळलेला असतो. हेलिकॉप्टरने उचललं तर बिल तुमच्या नावाने येतं.

राहिलं गुलमर्ग. 2650 मीटर उंची आहे, बर्फ सुरेख, शिकवणारे चांगले, खर्च पुष्कळ कमी. नुसतं शिकायचंच असतं तर मी तेच सांगितलं असतं. पण खरेदीसाठी श्रीनगर 50 किलोमीटरवर, आणि बहीण तुमची आहे.

प्रश्न : बर्फात नऊवारी नेसून फोटो काढायचा आहे. शक्य आहे का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : आहे. आतून थर्मल, दोन जोड लोकरी मोजे, पायात बर्फाचे बूट, वर काष्टा. मी मॅनलिशेनला काढलाय. पदर पिनेने पक्का लावा, वर वारा असतो.