नाव घेऊन ठेवलंय, पण घेणार कोण? एआय डोमेनबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, एआयच्या नावाची डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेऊन ठेवायची आणि पुढे चांगल्या भावात विकायची. मी स्वतः बारा-तेरा वर्षं डोमेन घेतो-विकतो, त्यामुळे प्रत्येक पत्र दोनदा वाचलं. काही जणांनी पगारातून बाजूला काढलेले पैसे यात घातलेत, म्हणून जे आहे ते सरळ सांगतो.

प्रश्न : सर, माझ्याकडे डॉट एआयची ४२ नावं आहेत. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात घेतली, एकेकाला १५० डॉलर पडले. आत्तापर्यंत एकच चौकशी आली, २०० डॉलरची, मी नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात सगळ्यांचं रिन्यूअल आहे. ठेवू की सोडू? यादी सोबत जोडली आहे.

सगळी ठेवू नका, सगळी सोडूही नका, आधी यादी घेऊन बसू.

पण त्याआधी एक गोष्ट. डोमेन विकत घेतलं असं आपण बोलतो खरं, पण ते विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. सोनं कपाटात ठेवलं तर ते काही मागत नाही, डोमेन मात्र मुदत संपली की भाडं मागतं आणि नाही भरलं तर हातातून जातं. त्यात डॉट एआयचं कमीत कमी दोन वर्षांचं एकदम भरावं लागतं. डॉट कॉमचा रजिस्ट्रीचा (ती नावं सांभाळणाऱ्या मुख्य कंपनीचा) घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला, त्याच्याशी तुमचे दोन वर्षांचे १५० ताडून बघा म्हणजे फरक कळेल.

आता तुमचाच हिशोब. ४२ नावं, १५० डॉलर, म्हणजे ६,३०० डॉलर. या धंद्यात मुरलेले लोक साधारण असं धरून चालतात की चांगल्या संग्रहातली वर्षाला शंभरात एक-दोन नावं विकली जातात. तुमच्या ४२ नावांतून दोन वर्षांत एक, फार तर दोन. नावं विकून देणाऱ्या साइटचं कमिशन २० टक्के धरलं तर फक्त या रिन्यूअलचे पैसे सुटायला तुम्हाला जवळजवळ ७,९०० डॉलरची विक्री पाहिजे, आणि आधीचेही ६,३०० धरले तर १५,७५० ची. आणि तुम्हाला दोन वर्षांत एकच ऑफर आली ती २०० ची. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा आणि मग यादी बघा.

यादीत नऊ नावांमध्ये जीपीटी आहे, ती सोडा. ते एका तंत्राचं नाव आहे, उद्या लोक दुसरं तंत्र वापरतील, आणि कोणती कंपनी स्वतःच्या दुकानावर दुसऱ्याच्या मालाची आठवण करून देणारी पाटी लावेल? पुढची चौदा नावं तीन-तीन शब्दांची आहेत, स्मार्ट, प्रो, हब, लॅब असे शब्द पुढेमागे चिकटवलेले. तीही सोडा. सहा नावांत डॉट एआय असूनही आधी पुन्हा एआय आहे, ते ऐकायलाच विचित्र वाटतं. झाली एकोणतीस.

उरलेल्या तेरांसाठी मी एकच गोष्ट करतो आणि तुम्हीही आज संध्याकाळी करा. घरातल्या कुणाला तरी फोन लावा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांना टाइप करून मेसेज करायला सांगा. बरोबर आलं तर नाव जिवंत आहे. मी तुमच्या तेरांचं असं करून बघितलं तर चार बरोबर आली. त्यातलं इन्व्हॉइसवालं मला खरंच आवडलं, कारण बिलं बनवणं हे काम एआयच्या आधीही होतं आणि नंतरही राहणार, त्या कामाची कंपनी काढणारा माणूस कधी ना कधी ते नाव शोधत येऊ शकतो. चार ठेवा, ६०० डॉलर भरा.

आणि अजून एक. तुमची नावं मी ब्राउझरमध्ये टाकून बघितली, सगळीकडे कोरं पान येतंय. ज्याला घ्यायचंय त्याला कळणार कसं की हे विकायला आहे? विकायला असल्याचं पान लावा, त्यावर किंमत लिहा, किंमत नसेल तर बरेच लोक विचारायच्या आधीच निघून जातात.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे. यू डॉट एआय सात लाख डॉलरला गेलं असं वाचलं. मी पार्ट टाइम कामाचे ३०० डॉलर साठवलेत, दोन नावं घेऊ का?

तू वाचलंस ते खरं आहे. २०२३ मध्ये हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी ते ७ लाख डॉलरला घेतलं. त्याच वर्षी त्यांनी चॅट डॉट कॉम १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं आणि नंतर ते ओपनएआयकडे गेलं, किती रकमेला ते त्यांनी जाहीर केलं नाही. पण या बातमीत तू विकणाऱ्याच्या जागी स्वतःला बघतोयस आणि तिथेच गडबड होते. यू आणि चॅट हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, असे शब्द आज कुणाला नोंदणीच्या भावात मिळत नाहीत.

डॉट एआय थेट सगळ्या जगाला खुलं झालं २००९ मध्ये. तेव्हापासून ज्यांनी शब्दकोशातले शब्द उचलले त्यांनी तेरा-चौदा वर्षं भाडं भरलं, कुणी विचारत नसताना भरलं. मग ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पळापळ सुरू झाली. २०२२ च्या शेवटी डॉट एआयची साधारण १ लाख ४४ हजार नावं होती, २०२३ च्या शेवटी साडेतीन लाखांच्या वर गेली. म्हणजे तू दारात पोचायच्या आधी दोन लाखांहून जास्त नावं उचलली गेली, आणि उचलणाऱ्यांकडे सॉफ्टवेअर होतं, शब्दांच्या याद्या होत्या.

तुझे ३०० डॉलर राहू दे. त्याऐवजी तीन महिने रोज अर्धा तास नेमबायो या साइटवर डोमेनच्या झालेल्या विक्रीचे आकडे बघ, कोणतं नाव कितीला गेलं, आणि विक्री बघायच्या आधी स्वतःचा अंदाज वहीत लिही. मी सुरुवातीला हेच केलं होतं. पहिल्या महिन्यात माझे अंदाज दहा-दहा पटींनी चुकायचे, सहाव्या महिन्यापर्यंत निदान कोणत्या नावाला गिऱ्हाईकच नाही ते कळायला लागलं. तुझा अंदाज बसायला लागला की पुन्हा लिही, मी उत्तर देईन.

प्रश्न : डॉट एआय हे कुठल्यातरी छोट्या बेटाचं आहे म्हणतात. उद्या त्यांनी बंद केलं तर?

हो, अँग्विलाचं. कॅरिबियन समुद्रातलं ब्रिटनच्या ताब्यातलं बेट, लोकवस्ती जेमतेम १५-१६ हजार. देशांना दोन-दोन अक्षरांचे कोड वाटले गेले त्यात यांच्या वाट्याला ए आणि आय आली, तेव्हा कुणाच्या मनातही एआयची अशी लाट येईल असं नसणार. २०२३ मध्ये त्यांना या नावांमधून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या भागाइतके. ज्या गायीवर घर चालतं ती कोण विकतं? २०२४ मध्ये त्यांनी आयडेंटिटी डिजिटल या मोठ्या कंपनीशी करार करून तांत्रिक कारभार तिच्याकडे दिला, आधी तो बराच काळ फारच थोड्या माणसांच्या हातात होता, त्यामुळे बंद पडायची भीती मला तरी पूर्वीपेक्षा कमी वाटते.

पण भीती कमी म्हणजे धोका नाही असं नाही. देशाचा कोड हा देशाबरोबर असतो. युगोस्लाव्हिया गेला आणि त्याचं डॉट वाययू २०१० मध्ये बंद झालं, नावं होती त्यांना दुसरीकडे जावं लागलं. डॉट आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचं, ब्रिटननं ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बेटं मॉरिशसला द्यायचं जाहीर केलं आणि आयओवाल्या कंपन्या एकदम विचारात पडल्या. अँग्विलाचं असं काही चाललेलं नाही. तिथे मला जास्त काळजी आहे ती भाड्याची. दर ठरवणं त्यांच्या हातात, आणि एकाच माणसाकडे शंभर नावं असली की दहा डॉलरची वाढसुद्धा हजार डॉलरची होते. म्हणून माझ्याकडे डॉट एआयची नावं थोडीच आहेत आणि जी आहेत त्यांचं भाडं पाच वर्षं विक्री झाली नाही तरी मी भरू शकतो, एवढीच.

प्रश्न : माझ्या एका नावासाठी १८,००० डॉलरची ऑफर आली आहे! ते फक्त एका ठरावीक साइटवरून किमतीचं सर्टिफिकेट काढून मागतायत, त्याला ९० डॉलर लागतील. काढू ना?

नका काढू. ही ऑफर नाही, ती सर्टिफिकेटची साइट त्यांचीच असते आणि ९० डॉलर घेऊन ते गायब होतात. खरं गिऱ्हाईक नावाची किंमत तुमच्याकडून लिहून मागत नाही, ते भाव पाडायला बसलेलं असतं. त्यांना एवढंच लिहा की एस्क्रोनं, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्याकडे, पैसे भरा, सर्टिफिकेट मिळणार नाही. पुन्हा उत्तर आलं तर मला कळवा, मला मात्र येईल असं वाटत नाही. अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन येतात, वाक्यं तीच असतात, रक्कम बदलते.

प्रश्न : मी चॅटजीपीटी हा शब्द असलेलं एक डॉट कॉम घेतलं होतं. आता वकिलांकडून ईमेल आलाय की नाव आम्हाला द्या. मी घाबरलेय. त्यांना २,००० डॉलरला विकायची तयारी दाखवू का?

ताई, तेवढं मात्र करू नका, आणि आधीच पाठवलं नसेल तर फार बरं झालं. या भांडणांसाठी यूडीआरपी नावाची पद्धत आहे, १९९९ पासून चालू आहे, जिनिव्हाची वायपो ही संस्था अशा खूप केसेस बघते. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव आमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेऊन वापरलं. तुम्ही २,००० मागितले की तिसऱ्या गोष्टीचा पुरावा तुम्हीच लिहून दिलात असं होतं. केस दाखल झाली तर उत्तराला २० दिवस मिळतात, एका पंचाच्या केसची १,५०० डॉलर फी तक्रार करणारा भरतो, आणि तुम्ही हरलात तर यूडीआरपीत दंड नसतो, नाव जातं. कोर्टातलं वेगळं, अमेरिकेच्या कायद्यात एका नावामागे १ लाख डॉलरपर्यंत भरपाई लावता येते.

तुमच्या बाबतीत नाव दुसऱ्याच्या प्रसिद्ध वस्तूचं आहे, तुम्ही त्यावर काही चालवत नव्हता, मला यात लढण्यासारखं काही दिसत नाही. पण ईमेल खरा आहे का ते आधी तपासा, ईमेलमधल्या नंबरवर फोन न करता त्या वकिलांच्या फर्मची साइट स्वतः शोधून तिथून विचारा. खरा असेल तर पैशाचं नाव न काढता नाव देऊन टाका, आणि त्यांनी मोठी रक्कम मागितली किंवा कागदपत्रं कोर्टाची आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. रात्रीची झोप त्या नावापेक्षा महाग आहे ताई.

प्रश्न : आता सगळे एजंट एजंट करतायत, म्हणजे आपली कामं स्वतःहून करणारे एआय प्रोग्राम. एजंट शब्दाची नावं घ्यायची वेळ हीच का?

२८ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक कंपनीनं स्वतःचं नाव मेटा केलं. त्या रात्री मी झोपलो नाही, पहाटेपर्यंत मेटा आणि मेटाव्हर्सची (तेव्हा गाजत असलेल्या आभासी जगाची) १९ नावं घेतली. त्यातलं एक ९०० डॉलरला गेलं, तेही पहिल्या दोन महिन्यांत. पुढे चौकशीच थांबली आणि उरलेली १८ मी एकेक करून सोडली, सोडताना प्रत्येक वेळी वाटायचं की हेच नाव उद्या कुणीतरी मागेल. कुणी मागितलं नाही, परवा बघितलं तर त्यातली पंधरा आजही मोकळी आहेत, कुणालाही नोंदणीच्या भावात मिळतील.

एजंट हा शब्द मेटाव्हर्सपेक्षा नक्कीच जुना आणि कामाचा आहे, विम्याचा एजंट, प्रवासाचा एजंट, लोकांच्या तोंडात आधीपासून आहे. त्यामुळे मी नाही म्हणणार नाही, पण एजंटच्या जोडीला जो शब्द घ्याल तो एकटा उभा राहतो का ते बघा. क्लेम, टॅक्स, बुकिंग, यांच्यातलं काम एआय करो नाहीतर माणूस करो, ते करून घेणारं गिऱ्हाईक राहतंच. आणि दोन नावांत घुटमळत असाल तर साधं डॉट कॉम घ्या, त्याचं भाडं इतकं कमी आहे की तुम्ही दहा वर्षं थांबू शकता. मी गेल्या महिन्यात एजंटचं एकच घेतलं, डॉट कॉममध्ये, दोन शब्दांचं, आणि त्याच दिवशी त्यावर ३,५०० डॉलर किंमत लिहून पान लावलं.