पैसे पुरत नाहीत, हे घरात सांगायचं कसं?

ताई,
घरखर्च मी सांभाळते. मिस्टर दर महिन्याला ठरलेली रक्कम माझ्याकडे देतात, माझ्या अर्धवेळ नोकरीचे पैसेही त्यातच जातात. पाच वर्षांपूर्वी एवढ्यात सगळं भागून थोडं मागे पडायचं. आता वीस तारखेलाच खातं रिकामं होतं. मिस्टरांना सांगितलं तर म्हणतात, "पूर्वी एवढ्यातच भागायचं ना? जरा हात आखडता घे." घेतला. माझा क्लास बंद केला, दाढ दुखतेय ते तसंच अंगावर काढतेय, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून ती आणखी आठवडाभर पुरवते. मी खोलीत शिरले की मुलगी आणि मुलगा दोघंही दिवे-पंखे बंद करायला धावतात. परवा संध्याकाळी सासरे वाचत बसले होते. मी जाता जाता सवयीनं त्यांच्या खोलीतला दिवा बंद केला. ते काही बोलले नाहीत. पुस्तक मिटलं आणि तसेच बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आणखी एक गोष्ट घरात कुणालाच माहीत नाही. सात-आठ महिने झाले, महिनाअखेरीचा किराणा मी क्रेडिट कार्डावर आणते आणि बिल आलं की फक्त किमान रक्कम भरते. मध्येच मिस्टरांनी हप्त्यावर नवा फोन घेतला, मला खोकं घरी आल्यावर कळलं. भांडले नाही, कारण भांडले असते तर कार्डाचं निघालं असतं. आणखी कुठे काटकसर करू, तेवढं सांगा.
— ओढाताणीला कंटाळलेली

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: कुठेही नाही. निदान या महिन्यात तरी नाही. काटकसर कमी पडतेय असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही. पाच माणसांच्या घरातली तूट एकटी बाई अंगावर काढतेय, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून रात्रंदिवस धडपडतेय, एवढं मात्र ठळक दिसलं. तूट खरी किती आहे हे ठाऊक नसल्यामुळे मिस्टर फोन घेतात, तुम्ही बोलू शकत नाही, आणि तो राग मग दिव्याच्या बटणावर निघतो.

त्या दिव्यापासूनच सुरुवात करू या. एलईडीचा साधा दिवा साधारण 9 वॉटचा असतो. पाणी तापवायचा 2000 वॉटचा हीटर 20 मिनिटं चालला तर जेवढी वीज जाते, तेवढ्यात तो दिवा 74 तास जळतो. म्हणजे सासऱ्यांनी रोज चार तास वाचलं तरी अठरा दिवस निघतील, एका माणसाच्या एका लांबलेल्या अंघोळीच्या विजेत! वीजबिल कमी करायचं असेल तर तापवणं आणि गार करणं ही दोन कामं बघा: हीटर, इस्त्री, एसी. दिवे सोडून द्या. मुलांनाही सांगा की आई आली म्हणून धावायची गरज नाही. आणि सासऱ्यांकडे जाऊन "बाबा, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, चुकलं" एवढं म्हणा. कारणं सांगत बसू नका, त्यांना बहुतेक कळलेली असणार.

आता "पूर्वी एवढ्यातच भागायचं ना?" या वाक्याकडे वळते, कारण मला वाटतं तुमच्या गळ्यातलं लोढणं तेच आहे. मिस्टर दुष्टपणानं बोलत नसतील. त्यांच्या डोक्यात पाच वर्षांपूर्वीचा आकडा बसलाय आणि तो हलवायला कुणी त्यांना कधी भाग पाडलं नाही. कागदावर करून दाखवा. वर्षाला 7 टक्क्यांनी भाव चढत गेले तर पाच वर्षांपूर्वी 100 ला मिळणारी वस्तू आज 140 ला मिळते. 6 टक्क्यांनी चढले तर बारा वर्षांत किंमत दुप्पट. (72 ला टक्केवारीनं भागायचं, दुप्पट व्हायला लागणारी वर्षं अंदाजे निघतात; मुलीला सांगा, तीच करून दाखवेल.) ते म्हणतील, बातम्यांत तर महागाई घटली म्हणून सांगतात. महागाईचा दर घटला म्हणजे भाव उतरले असं नसतं, ते पूर्वीपेक्षा हळू चढतायत एवढाच त्याचा अर्थ. चढून बसलेले भाव बहुतेक तिथेच राहतात.

त्यात भर म्हणजे पुडे बारीक होतात. किंमत तीच ठेवून 500 ग्रॅमचा पुडा 450 ग्रॅमचा केला की 11 टक्क्यांची भाववाढ गुपचूप तुमच्या पिशवीत येते. तुम्ही जास्त आणत नाही आणि उधळतही नाही, तरी बिल वाढतं. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं 1857 साली, बेल्जियममधल्या कुटुंबांचे जमाखर्च तपासून, एक गोष्ट मांडली होती: उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा वाटा खाण्यापिण्यावर जातो. पगार जागच्या जागी आणि भाव पुढे गेले की चांगलं चाललेलं घरही त्या गणितात एकेक पायरी खाली उतरतं. तुमच्या किराण्याचा वाटा फुगलाय तो त्यामुळे. हा दोष स्वतःच्या माथी घेणं आजपासून बंद करा.

कार्डाचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. वाढत्या भावांनी तुमचं जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं हे कार्ड करेल. महिना 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज चढत वर्षाला ते जवळपास 43 टक्के होतं. थकबाकी 1000 आहे असं धरा. किमान रक्कम म्हणून तुम्ही 50 भरलेत. त्यातले 30 व्याजात गेले, मुद्दल कमी झालं जेमतेम 20 नं. आणि पुढच्याच आठवड्यात त्याच कार्डावर पुन्हा किराणा. शिवाय थकबाकी राहिली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज आणलेल्या तेलावर आजपासून व्याज. तुमच्या कार्डाचा नेमका दर बिलावर छापलेला असतो, तो शोधून त्याखाली रेघ मारा.

मग काय करायचं? ते कार्ड पाकिटातून काढा, आणि फोनमध्ये खरेदीच्या ज्या ज्या ॲपमध्ये साठवून ठेवलं असेल तिथूनही काढून टाका. बँकेला फोन करून थकबाकीचे ठरावीक हप्ते पाडून मिळतील का, व्याज किती आणि वर शुल्क किती, हे विचारा. नुसतं विचारा, फोनवर होकार देऊ नका. स्वस्त व्याजाचं दुसरं कर्ज काढून हे फेडता येतं का तेही बघा. घरात कुठे ठेव किंवा बचत पडून असेल आणि तिच्यावर 6-7 टक्के मिळत असतील, तर इकडे 43 भरत तिकडे 7 कमावण्यात काही अर्थ नाही. अडीअडचणीपुरतं ठेवून बाकीचं यात घाला. अर्थात त्या ठेवीला हात लावायला मिस्टरांची संमती लागेल, आणि इथेच तुमची खरी अडचण आहे.

सांगावंच लागेल. मला माहीत आहे, माझ्याकडून तुम्हाला एखादी अशी युक्ती हवी होती की न सांगता निभावेल. तशी असती तर सात-आठ महिन्यांत तुम्हालाच सापडली असती, कारण डोकं तुमचं चांगलं चालतं.

कधी सांगायचं ते नीट निवडा. महिनाअखेरीला नको, ते कामावरून आल्या आल्या नको, आणि त्यांच्या फोनवरून वाद पेटलेला असताना तर मुळीच नको. मुलं घरात नसताना, दोघांच्याही हातात तासभर असताना बसा. आणि प्रस्तावना लांबवू नका. आपण घाबरलो की आधी पंधरा मिनिटं भाजीचे भाव सांगत बसतो, आणि समोरच्याला वाटतं नेहमीचीच कुरकुर चाललीय. पहिल्या मिनिटात आकडा बाहेर पडू दे. "पैसे पुरत नाहीयेत. सात-आठ महिने मी तूट कार्डावर ढकलतेय. एवढी रक्कम झालीय. लपवलं, ते चुकलं. आता दोघांनी बसून मार्ग काढायचाय." एवढं बोलून थांबा. बिलं समोर ठेवा, सगळी, कोपरा दुमडलेली सुद्धा.

ते चिडतील. बहुधा रकमेपेक्षा लपवल्याचा राग जास्त असेल, आणि तो राग रास्त आहे, तेव्हा तो ऐकून घ्या. पण "तुला पैसे सांभाळता येत नाहीत" अशी गाडी निघाली तर तिथे गप्प बसू नका. पुढचा एक महिना किराणा आणि बिलं त्यांनी बघावीत असं सुचवा, टोमणा म्हणून नाही, अगदी मनापासून. दुकानात उभं राहून पुड्यामागचं वजन वाचल्याशिवाय कुणालाच पाच वर्षांचा फरक कळत नाही, आणि मी हे कितीतरी घरांबद्दल म्हणतेय. पगार आणणारा एक आणि तो पुरवणारी दुसरी, ही वाटणी भाव स्थिर असताना चालून जाते.

त्यानंतर कपातीचं बोलू. तुम्ही जिथे जिथे कापलंत ते सगळं छोटं, रोजचं आणि बहुतेक तुमचं स्वतःचं आहे. छोट्या कपातीत रोज नव्यानं मन मारावं लागतं, म्हणून माणूस थकतो. मोठ्या, ठरावीक खर्चाबद्दल एकदाच निर्णय घ्यावा लागतो आणि बचत दर महिन्याला आपोआप होते. दोघांनी मिळून बँकेच्या खात्याचा मागच्या तीन महिन्यांचा उतारा काढा आणि दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या रकमांवर खुणा करा: इंटरनेट आणि मोबाईलचे प्लॅन, कुणी बघत नाही अशी वर्गणी, गाडी, हप्ते. यातले दोन खर्च जरी उतरले तरी शाम्पूत पाणी घालण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल. विम्याला मात्र हात लावू नका. आजारपणाचा विमा बंद करून वाचवलेले पैसे एका दवाखान्यात जातात.

किराण्यात एकच सांगते, कारण बाकीचं तुम्हीच मला शिकवाल. "दोनावर एक फुकट" बघून आणलेल्यातलं किती शेवटी टाकून दिलं जातं, ते एक महिना लिहून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून. तुम्ही किलोचा भाव बघता याची मला खात्री आहे, पण फ्रिजच्या मागच्या कप्प्यात मेलेल्या भाजीचा भाव कुणीच लावत नाही.

मुलांना किती सांगायचं? मुलगा लहान असेल तर "यंदा जरा जपून खर्च करतोय, घाबरण्यासारखं काही नाही" एवढं पुरे. मुलगी मोठी असेल तर तिला आकड्यांसकट सांगा, आणि तिच्या स्वतःच्या खर्चाची एक रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच तिच्या हातात द्या. ती कशीही उडवू दे. कार्डाच्या थकबाकीचं ओझं मात्र तिच्यावर टाकू नका, आणि तिला बाबांविरुद्ध साक्षीदारही करू नका.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची एक छापील वही काढली होती. तिथे ती पद्धत आजही चालते. आपण खर्च झाल्यावर लिहितो आणि हळहळतो. तिच्यात कशावर किती खर्च करायचा हे आधी ठरवून लिहायचं असतं. तशी एक वही घ्या, पण ती स्वयंपाकघराच्या कप्प्यात नको. दोघांना दिसेल, दोघांना लिहिता येईल अशी ठेवा.

आणि दाढ! ती या सगळ्या यादीत पहिली येते. कीड वरवर असते तोवर दाताचा डॉक्टर ती कोरून भरून देतो, खर्च थोडा. आत मज्जेपर्यंत पोचली की रूट कॅनॉल, वर कॅप, चार-पाच खेपा. दुखायला लागलीय म्हणजे फार दिवस हातात नाहीत. या आठवड्यात जाऊन या.

एक शक्यता आधीच सांगून ठेवते. वर्गण्या गेल्या, हप्ते कमी झाले, काही वाया जात नाही, तरीही वीस तारखेला खातं रिकामं, असं होऊ शकतं. तसं झालं तर कापायचं सगळं कापून झालंय आणि प्रश्न उत्पन्नाचा आहे असं समजा. तुमची नोकरी पूर्णवेळ करता येईल का, मग घरातली कुठली कामं कोण उचलेल, मिस्टर पगारवाढीचं कधी बोलणार, हे त्याच बैठकीत निघू द्या. तुम्ही पूर्णवेळ कामाला लागायचं आणि घरचं सगळंही तुमच्याचकडे, असा सौदा मात्र मान्य करू नका.

बसाल तेव्हा कागदाच्या एका बाजूला तुमच्या कार्डाची रक्कम लिहा आणि तिच्या शेजारीच त्यांच्या फोनचा हप्ता, किती महिने राहिलेत त्यासकट. दोन्ही न विचारता झालेले खर्च आहेत. कोणत्या रकमेच्या वरची खरेदी एकमेकांना विचारूनच करायची, ती मर्यादा दोघांनी तिथल्या तिथे ठरवा आणि त्याखाली तारीख घाला.