जपानी ग्राहकाला अडचण कधी सांगायची

तुमची कंपनी तुम्हाला पुण्याहून तीन वर्षांसाठी नागोयाला पाठवतेय, काम गाडीच्या कंट्रोल युनिटच्या सॉफ्टवेअरचं आहे आणि ग्राहकासमोर टीमच्या वतीने तुम्हालाच उभं राहायचंय, असं तुम्ही लिहिलंय. आजवर तुमचे ग्राहक अमेरिकन होते, जपानी भाषेची एन-थ्री, म्हणजे पाच पातळ्यांतली मधली, परीक्षा झालीये. कामाची पद्धत कितपत वेगळी असते, ओव्हरटाइमबद्दल जे ऐकू येतं ते खरं का, शाकाहारी माणसाचं कसं निभतं आणि बायकोला काही काम करता येईल का, हे तुमचे प्रश्न. नागोया ज्यात येतं त्या आइची प्रांतातच मी अशाच कामावर आहे. इकडे त्याला ब्रिज एसई म्हणतात: बसायचं ग्राहकाच्या ऑफिसात आणि कामं करून घ्यायची पुण्याच्या टीमकडून. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, बाकीची थोडक्यात देते.

वाकून नमस्कार, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, पाहुण्याला दारापासून लांबची खुर्ची, हे सगळं व्हिडिओंमध्ये मिळतं आणि चार दिवसांत अंगवळणी पडतं. त्यात कमी-जास्त झालं तरी परदेशी माणसाचं कुणी मनावर घेत नाही. मनावर घेतात ते वेगळंच: अडचण तुम्हाला कळली केव्हा आणि तुम्ही ती सांगितलीत केव्हा.

आपल्याकडे काम अडलं की आधी आपलं आपण निस्तरायचं आणि साहेबाच्या कानावर शेवटी घालायचं, अशी सवय असते. यात लबाडी नसते. साहेबाला उगाच कशाला घोर, रात्री बसून संपवू, असा चांगलाच हेतू असतो. इथे मात्र हाच हेतू अंगाशी येतो. समजा बुधवारी दुपारी दोन वाजता पुण्यात टेस्टिंगमध्ये बग निघाला आणि डिलिव्हरी शुक्रवारी आहे. पुण्यात दोन म्हणजे इथे साडेपाच, ग्राहक अजून जागेवर असतो. त्याच वेळी फोन करायचा आणि पाठोपाठ मेल टाकायची: काय दिसलं, कुठल्या व्हर्जनमध्ये दिसलं, कारण अजून कळलेलं नाही, शुक्रवारच्या तारखेवर परिणाम होईल का ते आत्ता सांगता येत नाही, पुढची माहिती उद्या सकाळी दहाला देतो. बस, एवढंच. आणि सकाळी दहाला नवीन काही हाती लागलं नसलं तरी ‘नवीन काही नाही, आता दुपारी तीनला कळवतो’ अशी मेल दहालाच जायला हवी.

‘कारण माहीत नाही’ असं लिहायला आपल्या मुलांना फार जड जातं. पुण्याच्या टीमला मी सगळ्यात जास्त वेळा हेच समजावते, की अर्धवट माहितीला इथे कुणी हसत नाही. तेच शुक्रवारी तुम्ही बग दुरुस्त करून, वेळेत, चकाचक डिलिव्हरी दिलीत आणि मग सांगितलंत की बुधवारी असं-असं झालं होतं, तर ग्राहक बगबद्दल विचारणारच नाही. तो विचारेल, बुधवारी का नाही सांगितलंत? आणि पुढे कित्येक महिने तुमच्याकडून रोजचा रिपोर्ट मागेल.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे हे नियम पाठ करावे लागणार नाहीत. टोयोटाचं मुख्यालय याच प्रांतात आहे आणि इथला पुरवठ्याचा सगळा कारभार माल साठवून ठेवायचा नाही या तत्त्वावर चालतो. १ फेब्रुवारी १९९७ला इथल्याच कारिया गावातल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच जायचा आणि हाताशी साठा होता काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले बहुतेक सगळे कारखाने बंद पडले. मग जे झालं ते इथले जुने लोक अजून सांगतात. कराराची वाट न बघता आसपासच्या कंपन्या कामाला लागल्या, ड्रॉइंग मागवली गेली, शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या नागोयाच्या ब्रदर कंपनीनेही ते व्हॉल्व्ह बनवून दिले. काही दिवसांत उत्पादन पुन्हा सुरू झालं. बातमी दडवली असती तर हे घडलंच नसतं. जिथे गोदामात माल नसतो तिथे वेळेवर मिळालेली माहिती हीच शिल्लक असते. तुमचा ग्राहक सॉफ्टवेअरवाला असला तरी त्याच्या वरचे, त्याच्याही वरचे लोक याच शिस्तीत वाढलेत.

म्हणून ‘जपानी माणसाचा स्वभावच तसा’ असं कुणी सांगितलं तर मी ते मान्य करत नाही. ही कामाची बांधणी आहे आणि ती दुसऱ्या देशातही उभी राहते. टोयोटा आणि जनरल मोटर्सने १९८४मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला भागीदारीत कारखाना सुरू केला. जनरल मोटर्सने तो आधी बंद केलेला होता आणि कामगार बरेचसे जुनेच परत घेतलेले. दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची, गरज पडली तर अख्खी लाइन थांबवायची, ही टोयोटाची पद्धत तिथे आणली आणि त्याच अमेरिकन कामगारांनी ती आत्मसात केली. आपल्याकडे मारुतीच्या गुडगावच्या कारखान्यात सुझुकीबरोबर एकच कँटीन आणि साहेब-कामगारांचा एकच गणवेश आला, तोही तेव्हा भारतात नवा होता. दोरी ओढणाऱ्याला कुणी ओरडणार नाही, ही खात्री असेल तर माणूस दोरी ओढतो, मग तो कुठल्याही देशाचा असो.

दोषाचा रिपोर्ट लिहिण्याची तयारी मात्र निघण्याआधीच करा. त्यात दोन कारणं वेगवेगळी द्यावी लागतात: दोष निर्माण का झाला, आणि निर्माण झाल्यावर आपल्या हातून निसटून ग्राहकापर्यंत पोचला कसा. दोन्हींसाठी ‘का’ विचारत पाच पायऱ्या खाली उतरायचं. कुठल्याही पायरीवर ‘इंजिनियरचं लक्ष नव्हतं’ असं लिहिलंत की रिपोर्ट परत आलाच म्हणून समजा. लक्ष नसतानाही दोष अडला असता अशी सोय का नव्हती, तिथपर्यंत जावं लागतं. उपाय म्हणून ‘यापुढे काळजी घेऊ’ चालत नाही. चेकलिस्टमधली नवी ओळ, टूलमधली नवी तपासणी, असं काहीतरी दाखवता यायला हवं. शेवटचा रकाना असतो योकोतेनचा, म्हणजे असाच दोष आणखी कुठल्या मॉड्युलमध्ये असू शकतो ते तपासलंत का. पहिला रिपोर्ट तीन-चारदा परत येतो. तो अपमान समजू नका. पुण्याच्या टीमलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘ग्राहक खडूस आहे’ असा समज होतो आणि पुढचे बग दडवले जातात.

आता मीटिंगबद्दल. अमेरिकन ग्राहकासमोर मीटिंगमध्ये नवी कल्पना मांडली, वाद घातला, की शाबासकी मिळते. इथे ऐनवेळी मांडलेल्या कल्पनेवर शांतता पसरते आणि ‘आम्ही हे आत घेऊन जातो’ एवढं म्हणून पुढचा विषय निघतो. कल्पना वाईट होती असा त्याचा अर्थ नाही. ज्यांची संमती लागते त्यांनी ती आधी पाहिलेली नव्हती, एवढंच. दोन-तीन दिवस आधी कच्चा मसुदा ज्याचा त्याला पाठवा, क्वालिटीवाल्याला वेगळा फोन करा, त्याची शंका मसुद्यात आधीच मिटवा. याला नेमावाशी म्हणतात आणि कामाचा अर्धा वेळ त्यातच जातो. सगळ्यांची मान हलली की मीटिंग दहा मिनिटांत उरकते, आणि एकदा ठरलं की मग कुणी मागे फिरत नाही. पुण्याहून तगादा येतो, ‘अजून ॲप्रूव्हल का नाही?’ ते सांभाळणं हा तुमच्या नोकरीचाच भाग आहे.

या सगळ्याची काळी बाजूही आहे आणि ती न सांगता तुम्हाला बोलावणं बरोबर नाही. डिसेंबर २०२३मध्ये टोयोटाच्याच मालकीच्या डाइहात्सु कंपनीने सुरक्षा चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं केलेले गैरप्रकार बाहेर आले आणि सगळ्या गाड्या कारखान्याबाहेर पाठवणं थांबवावं लागलं. चौकशी समितीने त्याचं कारण दिलं ते डेव्हलपमेंटचं अति घट्ट वेळापत्रक. तारीख हलत नाही म्हटल्यावर वाईट बातमी वर जाईनाशी झाली. म्हणजे शॉपफ्लोअरवर दोरी ओढता येते, पण ऑफिसात वरिष्ठाने दिलेल्या तारखेविरुद्ध बोलणं जपानी माणसालाही अवघड जातं. तिथे तुमचं परदेशी असणं उपयोगी पडतं. ‘ही तारीख जमणार नाही’ हे तुम्ही बोललात तर ऐकून घेतात, आणि मग शेजारचा जपानी सहकारीही हळूच आकडे पुढे करतो. म्हणून सुरुवातीलाच तारखेला ‘होईल, होईल’ म्हणू नका. तुमचा होकार लगेच प्लॅनमध्ये चढतो.

आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. मार्चमध्ये बदल्या जाहीर होतात, आणि दोन वर्षं ज्याच्याबरोबर सूर जुळला तो माणूस एप्रिलमध्ये दुसऱ्याच विभागात जातो. तोंडी ठरलेलं सगळं फेब्रुवारी संपायच्या आत मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, आणा.

ओव्हरटाइमचं म्हणाल तर कायद्याने सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास आहे, मोठ्या कंपन्यांना ती २०१९पासून लागू झाली. रिलीजच्या काळात विशेष कराराखाली ती वाढवता येते. साहेब उठेपर्यंत बसून राहायची प्रथा काही विभागांत अजून आहे, पण परदेशी माणसाने काम संपवून, निरोप घेऊन निघालेलं चालतं. वर्षातली निदान पाच दिवसांची रजा कर्मचाऱ्याला मिळेल हे बघणं कंपनीवर बंधनकारक आहे. तेव्हा रजा मागायला संकोच करू नका.

खाण्याचं आधीच सांगून ठेवा. भाजी दिसते त्या वाटीतही दाशी, म्हणजे मासे उकळून काढलेलं पाणी, असतं, मिसो सूपमध्ये तर असतंच. ऑफिसच्या पार्टीला जो हॉटेल ठरवतो त्याला आठवडाभर आधी कळवलं तर तो मनापासून सोय करतो. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर तो बिचारा कानकोंडा होतो. दारू घेत नसाल तर ऊलाँग चहा मागा, कुणी आग्रह करत नाही. मात्र पार्टी चुकवू नका. मीटिंगमध्ये गप्प बसलेला माणूस त्याची खरी अडचण तिथे सांगतो.

बायकोला डिपेंडंट व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पूर्णवेळ नोकरी हवी असेल तर तिला स्वतःचा वर्क व्हिसा लागेल आणि त्या मुलाखतींना जपानी बरंच चांगलं लागतं. टोकियोत निशिकासाईला भारतीय वस्ती मोठी आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या स्थानिक सभेवर २०१९मध्ये निवडूनही आले. नागोयात तेवढी वस्ती नाही. तिने पुण्यातच भाषा सुरू केली तर इथले पहिले महिने एकटेपणाचे जाणार नाहीत.

तुमच्या एन-थ्रीवर मेल वाचता येतील, पण फोनवर दोष समजावून सांगता येणार नाही. त्याच्या वरच्या एन-टूचा अभ्यास चालू ठेवा आणि पहिले सहा महिने दुभाषी द्या असं कंपनीकडे लेखी मागा. आणखी एक: भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे. पुण्याच्या पगारपत्रकावर राहून पाच वर्षांपर्यंतच्या बदलीवर येत असाल तर पीएफ कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट काढून आणा, म्हणजे इथल्या पेन्शनची वेगळी कपात होत नाही. एचआरला हे पुष्कळदा माहीत नसतं. तिकीट काढायच्या आधी विचारा, कारण कागद हातात यायला वेळ लागतो.